‘प्रीस्ट’ हा मूळचा कोण?

(गांवकरी मंडळींपुढें झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी म्हणतील कीं, मास्तरांना दुसरा उद्योग नाहीं म्हणून साता समुद्रांपलीकडचा शब्द उकरीत बसले आहेत. परंतु जुने कागद काढले म्हणजे कोणाची जमीन कोणीं दाबली हें जसें कळतें, तसेंच शब्दाचेहि जुने कागद काढले म्हणजे कोणाचा मान कोणीं दाबला हें कळतें.

आपण ‘पाद्री’ म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांनीं आणला. ‘पाद्रे’ म्हणजे बाप. तें सरळ आहे. पण इंग्रजींत पुरोहिताला ‘प्रीस्ट’ म्हणतात, जर्मन भाषेंत ‘प्रीस्टर’, फ्रेंचांत ‘प्रेत्र’, इटालियनांत ‘प्रेते’. (मुलांनीं हंसूं नये, आपल्या प्रेताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.) हे सगळे शब्द एकाच आईचीं लेकरें आहेत. ती आई म्हणजे ग्रीक भाषेंतला ‘प्रेस्बिटेरॉस’ हा शब्द, आणि त्याचा अर्थ काय? तर वयानें वडील माणूस. एवढाच. त्यांत होम नाहीं, बळी नाहीं, सोंवळें नाहीं, अमक्याच कुळांत जन्म पाहिजे असेंहि नाहीं. पारावर बसलेला, चार पावसाळे जास्त पाहिलेला, ज्याचा शब्द पंच मानतात, असा जाणता म्हातारा.

मग बळी देणारा, देवळांतला पुजारी, याला ग्रीक भाषेंत शब्द नव्हता काय? होता. त्याला ‘हिअरेउस’ म्हणत, आणि रोमन लोक आपल्या लॅटिन भाषेंत ‘साकेर्दोस’ म्हणत. ख्रिस्ती लोकांचा नवा करार ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे. त्यांत यरुशलेमच्या देवळांतल्या यहुदी पुजाऱ्यांना ‘हिअरेउस’ म्हटलें आहे. पण ख्रिस्ती मंडळींच्या कारभाऱ्यांना तो शब्द एकदांहि लावलेला नाहीं. त्यांना ‘प्रेस्बिटेरॉस’च म्हटलें आहे. उलट पेत्राच्या नांवाच्या पहिल्या पत्रांत सगळ्या मंडळीलाच मिळून पुरोहितवर्ग म्हटलें आहे, म्हणजे कोळ्यापासून चांभारापर्यंत सगळे.

हें फार दिवस टिकलें नाहीं. प्रभुभोजनाचा विधि हा एक यज्ञ आहे अशी समजूत वाढत गेली. यज्ञ म्हटला कीं यज्ञ करणारा आलाच. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून धर्माधिकाऱ्यांना ‘साकेर्दोस’ म्हणण्याचा प्रघात पडत गेला. पुढें उत्तरेकडच्या लोकांनीं ‘प्रेस्बिटेरॉस’ हा शब्द आपल्या बोलींत घेतला तोंवर म्हाताऱ्याच्या अंगावर पुजाऱ्याचीं वस्त्रें चढलीं होतीं. नांव वडील माणसाचें राहिलें, काम दुसऱ्याचें झालें. इंग्रजींत तर दोन्ही अर्थांना एकच ‘प्रीस्ट’ उरला. मग मूळ ग्रंथांत हे दोन वेगळे शब्द आहेत हें साध्या माणसाला कसें कळावें?

याच्या शेजारचा एक शब्द शेतकऱ्यांनीं मुद्दाम ऐकावा. ‘क्लेरॉस’ म्हणजे चिठ्ठी टाकून केलेली वांटणी, आणि त्या वांटणींत आलेला जमिनीचा तुकडा. त्यावरूनच धर्माधिकारी वर्गाला ‘क्लर्जी’ हें नांव पडलें, आणि कचेरींतला ‘क्लार्क’हि तेथूनच निघाला! कारण कित्येक शतकें लेखणी त्या एकाच वर्गाच्या हातीं होती. भिक्षुकी आणि कुळकर्ण एका घरांत असलें म्हणजे काय होतें तें आम्हीं तुम्हांस सांगावयास नको. इंग्लंडांत तर असा कायदा होता कीं, गुन्हेगारानें बायबलांतलें एक लॅटिन वचन वाचून दाखविलें, तर पुष्कळशा गुन्ह्यांत पहिल्या खेपेस त्याची फांशी टळे. वाचतां येतें, त्या अर्थीं हा धर्माधिकारी समजावा! १५९८ सालीं बेन जॉन्सन नांवाच्या प्रसिद्ध नाटककारानें एका नटाला द्वंद्वांत ठार मारलें, आणि वचन वाचून तो सुटला. अंगठ्यावर डाग तेवढा बसला. निरक्षर नांगऱ्या मात्र अशाच गुन्ह्यासाठीं लटकत असे. ही सवलत १८२७ सालीं रद्द झाली. शाळेंत पोर धाडा म्हणून आम्ही घरोघर फिरतों, तेव्हां ही गोष्ट आमच्या मनांत असते.

आतां विल्यम टिंडेलची हकीकत. यानें १५२६ सालीं नवा करार मूळ ग्रीक भाषेवरून इंग्रजींत छापला, तोहि जर्मनींत, कारण इंग्लंडांत परवानगी मिळेना. ‘प्रेस्बिटेरॉस’ आला तेथें त्यानें ‘प्रीस्ट’ लिहिलें नाहीं. ‘वडील’ या अर्थाचा शब्द घातला. लंडनच्या बिशपानें त्या प्रती जाळविल्या. सर टॉमस मोर यांनीं १५२९ सालीं टिंडेलवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत या शब्दाबद्दल खास तक्रार होती. मोर हे मोठे विद्वान, त्यांना यांतला धोका बरोबर कळला: शब्द बदलला कीं गादी हालते. टिंडेलवर पाखंडाचा आरोप येऊन १५३६ सालीं बेल्जममधल्या विल्वोर्द येथें त्याला गळा आवळून मारलें व प्रेत जाळलें. एका शब्दासाठींच मारलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण अपराधांच्या यादींत हें भाषांतर होतें. पुढें १६११ च्या राजमान्य बायबलांत त्या ठिकाणीं टिंडेलचा ‘वडील’च आला.

जर्मनींत मार्टिन लूथरनें १५२० सालींच लिहिलें होतें कीं, चांभार, लोहार, शेतकरी, ज्याचा त्याचा धंदा वेगळा, पण पुरोहितपण सर्वांचें सारखें. शेतकऱ्यांनीं हें खरें मानलें. १५२५ सालीं त्यांनीं बारा मागण्या मांडल्या. त्यांतली पहिलीच अशी कीं, आमचा धर्मोपदेशक आम्ही गांवकरी निवडूं आणि नीट वागला नाहीं तर काढूं. वेठ, कर व जंगलाच्या मागण्या मागून आल्या. पण शेतकरी उठले तेव्हां याच लूथरनें सरदारांना त्यांची कत्तल करावयास सांगितलें. हजारों शेतकरी कापले गेले. पुस्तकांतली समता शेतांत उतरूं लागली कीं पुष्कळ थोरांचे पाय असे मागें सरतात.

स्कॉटलंडांत १५६० सालीं धर्मसुधारणा झाली, आणि कालांतरानें तेथील चर्चचा कारभार या वडील मंडळींच्या पंचायतीकडे आला. म्हणून त्या पंथाचें नांवच ‘प्रेस्बिटेरियन’. त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यांतल्या शाळेंत १८४१ ते १८४७ पर्यंत एक माळ्याचा मुलगा शिकत होता. त्या शाळेनेंच जोतीरावांना सर्व कांहीं दिलें असें म्हणणें त्यांच्या बुद्धीवर अन्याय होईल; आणि ते ख्रिस्तीहि झाले नाहींत. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत समाजाच्या पद्धतीनें, भटावांचून, पहिलें लग्न लागलें.