पायाचा फोड लहान समजू नका

(प्रभागसंघाच्या तुमसर येथील मासिक सभेत एका समूह संसाधन व्यक्तीने केलेलं बोलणं)

आज हप्त्याचं, कर्जाचं काही बोलत नाही. आज पायाचं बोलायचं आहे. हसू नका बाप्पा! गटाच्या बैठकीला, मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला, गायमुखच्या जत्रेला आपण जातो कशावर?

मागच्या महाशिवरात्रीला मी गायमुखला पायी गेले. चप्पल नवी, त्याच दिवशी घातलेली. अर्ध्या वाटेत टाच चुरचुरली. देवाच्या वाटेवर एवढं चालायचंच, म्हणून थांबले नाही. घरी आले तर लिंबाएवढा फोड. ब्लेडनं कातडी कापून टाकली आणि वर हळद चोळली. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, जांघेत अवधाण आलं, ताप चढला. अकरा दिवस मजुरी बुडाली. त्या महिन्याचा माझा हप्ता गटातल्या बायांनी भरला. चूक माझीच होती, म्हणून उघड सांगते.

दवाखान्यातल्या सिस्टर बोलल्या, "बाई, फोडाची कातडी म्हणजे फुकटची पट्टी. तीच तू कापून फेकलीस." हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. चप्पल एका बाजूला ओढते, आतलं हाड दुसऱ्या बाजूला सरकतं. मधल्या कातडीची ओढाताण होऊन तिचे थर सुटतात आणि त्यात पाणी भरतं. वरची कातडी शाबूत आहे तोवर आत जंतू जात नाहीत. घामानं, चिखलानं पाय ओला असला की फोड लवकर येतो.

म्हणून चुरचुरलं की तिथंच थांबायचं. फोड यायच्या आधीची ती सूचना असते. पाय पुसून कोरडा करा आणि त्या जागी मेडिकलमध्ये मिळते ती कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या लोकांच्या पायांवर हीच साधी पट्टी लावून पाहिली. 2016 मध्ये त्यांनी छापलं, की पट्टी लावलेल्या जागी फोड कमी आले. जिथं नेहमी घासतं तिथं निघायच्या आधीच लावून घेतली तर आणखी बरं.

आता ही गादीची पट्टी बघा, हातोहात फिरवा. हिला हायड्रोकोलॉइड म्हणतात. साध्या पट्टीपेक्षा पुष्कळ महाग आहे, म्हणून रोज वापरा असं मी म्हणणार नाही. पण फोड आलेला आहे आणि चालल्याशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा हिचा उपयोग. पाय साबणानं धुवा, पूर्ण कोरडा करा. तेल लावलेल्या पायाला ही चिकटत नाही. पट्टी तळहातात धरून थोडी गरम करा, फोडापेक्षा मोठी घ्या, कडा नीट दाबा. फोडातून पाझरलेलं पाणी ती शोषते आणि फुगून पांढरी होते. पू झाला समजून घाबरू नका, ओढूही नका. दोन-चार दिवसांनी आपोआप सुटते. काढावीच लागली तर वर न उचलता कातडीच्या बाजूनं ताणत काढा. पिकलेल्या जखमेवर मात्र ही लावायची नाही.

एवढी महाग नको असेल तर चुंबळीची युक्ती करा. डोक्यावर गुंड घेताना आपण चुंबळ ठेवतो ना? तशीच मऊ जाड कापडाची किंवा फोमची चकती घ्या, मधे भोक पाडा, फोड त्या भोकात बसवा आणि वरून चिकटपट्टी लावा. भार कडेवर पडतो, फोड मोकळा राहतो.

काही बाया फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवतात. तो दोरा म्हणजे जंतूंना वाट. बिडीची राख नको, चुना नको, टूथपेस्ट नको. फोड आपणच फुटला तर कातडी न काढता धुवा आणि स्वच्छ पट्टी बांधा. लाली पसरली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

2018 च्या मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एकशे ऐंशीच्या आसपास किलोमीटर. त्यात आदिवासी बाया पुष्कळ होत्या. त्यांच्या तळव्यांची सालं निघालेले फोटो साऱ्या देशानं पाहिले. मुंबईच्या लोकांनी वाटेत त्यांना चपला दिल्या. मला वाटतं, चप्पल आणि पट्टी निघतानाच जवळ असायला हवी होती. पण ज्यांच्या घरी तेलमिठाची ओढ, त्या पट्टी कुठून आणणार? म्हणून आमच्या गटानं पेटीत चिकटपट्टीचे दोन रोल ठेवले आहेत. वहीत नाव लिहायचं आणि न्यायचे.

शेवटची गोष्ट लक्ष देऊन ऐका. फोड दुखला तर भीती कमी. न दुखणाऱ्या फोडाची भीती जास्त. शुगर असलेल्या बाईचा पाय बधिर होतो, तिला फोड कळतच नाही. तिनं रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर सुनेला दाखवायचे, आणि फोडावर आपल्या मनानं काही लावायचं नाही. बधिरपणा कुष्ठरोगानंही येतो, आणि आपल्या पूर्व विदर्भात तो अजून आहे. आमच्या गावातल्या एका मावशीच्या तळव्याला मोठा फोड होता. "मले काई दुखत नाही" म्हणत ती रोवण्याला जात होती. तिच्या मांडीवर फिकट चट्टा निघाला, टाचणी टोचली तरी कळेना. आशाताईनं तिला आरोग्य केंद्रात नेलं. गोळ्या फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. मावशीचा सातवा महिना सुरू आहे. आज ती इथंच, मागच्या रांगेत बसली आहे. तिनंच मला सांगितलं, माझं सांग म्हणून.