खेळांतलीं पात्रें आणि आपला जिव्हाळा



कल्याणाहून कसाऱ्याकडे जातांना शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळ्याचें स्थानक लागतें. काळू नदीच्या या परिसरांत कण्व मुनींचा आश्रम होता, दुष्यंतास विसर पडलेल्या शकुंतलेनें मुनींच्या सांगण्यावरून येथें गणेशाची आराधना केली आणि तिचा संसार पुन्हां जुळला, अशी स्थलकथा आहे. कण्वाश्रम हिमालयाच्या पायथ्याशीं मालिनीच्या कांठींही दाखवितात, आणि कालिदासाचा कौल तिकडेच पडेल. पण तो वाद आज नको. मला लक्ष वेधावयाचें आहे तें येथें येणाऱ्या माणसांकडे. लग्न जुळावें, दुरावलेलीं जोडपीं एकत्र यावीं, म्हणून कित्येक जण या देवळांत येतात. शकुंतलेची कथा ते नुसती ऐकत नाहींत. तिनें जें केलें तेंच आपणही करितात.

नाट्यगृहांत असें घडत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून मराठी प्रेक्षकांनीं शकुंतलेसाठीं डोळे पुसले. परंतु भर दरबारांत तिचा अव्हेर होत असतां कोणी उठून राजाला हरवलेली अंगठी नेऊन दिली नाहीं. देतां येतच नाहीं. दुःख ना आपलें, ना परक्याचें. म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो, असें भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या साधारणीकरणाच्या विचारांत आहे.

आतां व्हिडिओ गेमकडे वळूं. हा शब्द कानीं पडतांच पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडद्यावरच्या बाहुलीसाठीं घरांतला मुलगा रडला, तर त्याला वेडा ठरवून आपण मोकळे होतों. शकुंतलेसाठीं रडतो तो रसिक, आणि हा मात्र वेडा! हा न्याय मला पटत नाहीं.

जपानांत फुमितो उएदा यांनीं २००१ सालीं 'इको' नांवाचा खेळ रचिला. शिंगें असलेला एक मुलगा आणि योर्दा नांवाची मुलगी एका ओसाड दुर्गांत अडकलेलीं आहेत. एकमेकांची भाषा त्यांना कळत नाहीं. खेळणाऱ्यानें एक कळ दाबून धरिली कीं मुलगा तिचा हात धरितो. बोट उचललें कीं हात सुटतो. एकटी सांपडली तर काळ्या छाया तिला ओढून नेऊं लागतात. तासन्‌तास ती कळ दाबून धरणाऱ्या बोटाला जें कळतें, तें दहा पानांच्या संवादांनीं कळलें नसतें. आपल्या आज्या व्रताची कहाणी रित्या हातानें ऐकत नसत. मुठींत अक्षता धरून ऐकत. हें नातें मला रंगभूमीपेक्षां त्या मुठीशीं अधिक जवळचें वाटतें.

हातीं कांहीं असलें कीं हातून चूकही होते. टोबी फॉक्स यांच्या २०१५ सालच्या 'अंडरटेल'मध्यें टोरिएल नांवाची एक प्रेमळ माउली आरंभींच भेटते आणि पुढें वाट अडवून उभी राहते. तिला न मारतांही पुढें जातां येतें. पण ती युक्ति चटकन् सुचत नाहीं, आणि पुष्कळांच्या हातून ती मरते. मग खेळणारा चुटपुटतो, खेळ मागें नेऊन पुन्हां सुरू करितो आणि तिला जिवंत सोडतो. तेव्हां तेथलें एक खोडसाळ फूल त्याला बजावतें कीं, आधीं तूं काय केलेंस तें मी विसरलेलों नाहीं.

महाभारतांतला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. नायक प्रेक्षकांच्या मनांतून उतरूं नये, म्हणूनच जणूं कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि अंगठी योजून तो दोष विस्मृतीच्या पदरांत घातला. 'अंडरटेल'च्या खेळाडूला असा शाप मदतीस येत नाहीं. येथें दुष्यंत तो स्वतःच. करुणेच्या जागीं उरते ती अपराधाची टोचणी, आणि तिला भरतमुनींच्या आठ रसांपैकीं कोठें बसवावें, याचा निर्णय पंडितांनीं करावा.

सगळेच खेळ या तोलाचे असतात, असें मी म्हणत नाहीं. कित्येकांत पात्रें म्हणजे सोंगट्या. कांहीं ठिकाणीं तर जिव्हाळ्याचाच बाजार मांडिला आहे. आवडतें पात्र हातीं लागावें म्हणून मुलांनीं पैसे भरावे आणि सोडतीत नशीब अजमावावें. वडीलधाऱ्यांच्या आठ्या तेथें मात्र रास्त आहेत.

आपल्या पुण्यांतल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही भटक्या जमातींतली कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवितात. दुर्गेच्या कृपेनें लाभलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधास निघते. निवेदन खुद्द दुर्गा आणि विष्णु करितात, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळानें जोडिले आहेत. कोंकणांत पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तीं दृश्यें परकीं वाटूं नयेत. शेवट मात्र फार अकस्मात् होतो, अशी तक्रार पुष्कळ खेळाडूंनीं केली. त्या तक्रारीचा मला आनंदच वाटला. केवळ असुर मारावयाचे असते, तर ते मेल्यावर कोणाची कांहीं कुरकुर राहिली नसती.