तहानेवर फुलणारी बोगनवेल

माघ-फाल्गुनात सोलापुरात फिरताना एक गंमत दिसते. ज्या कुंपणाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, तिथली बोगनवेल रंगाने पेटलेली असते. आणि अंगणात रोज बादलीभर पाणी पिणारी बोगनवेल मात्र नुसतीच हिरवीगार. ‘झाड छान वाढलंय, पण फुलत नाही,’ ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो. उत्तर सोपे आहे. ही वेल लाडाने फुलत नाही, तहानेने फुलते.

मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात, १७६७ मध्ये, त्याच्यासोबतच्या कॉमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलमध्ये आढळली. आपण जिला फूल म्हणतो, ती खरे तर रंगीत पाने. खरे फूल म्हणजे त्यांच्या मध्ये दडलेली पांढरट, बारीक नळी. ही रंगीत पाने कागदासारखी असल्याने आपल्या उन्हातही बरेच दिवस टिकतात.

लागवड पावसाळ्यात करावी. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व फांदी कापून लावली की दीड-दोन महिन्यांत मुळे धरते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात मुळे कुजतात; म्हणून तिच्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे हवे. रोप हलवताना मुळांभोवतीची माती फोडू नये, मुळे फार नाजूक असतात. जागा दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी निवडावी.

फुले नव्या फांद्यांवर येतात. त्यासाठी नवरात्राच्या सुमारास छाटणी करावी. हातमोजे घालूनच, काटे चांगलेच बोचतात! युरिया टाळावा, त्याने फक्त पाने वाढतात. मग सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उलगली की पाणी तोडावे. पाने किंचित मलूल झाली की थोडेसे पाणी द्यावे, पुन्हा ताण द्यावा. काही आठवड्यांत शेंड्यांवर रंग दिसू लागतो. मात्र नुकत्याच लावलेल्या रोपाला असा ताण देऊ नये. आधी वर्षभर त्याला मुळे पसरू द्यावीत. एकाच झाडावर पांढरा आणि गर्द गुलाबी असे दोन्ही रंग हवे असतील, तर रोपवाटिकेत ‘मेरी पामर’ हा वाण मागावा.

उजनीत पाणी असूनही नळाची वाट पाहत दिवस मोजण्याची वेळ सोलापूरकरांवर वर्षानुवर्षे आलेली आहे. अशा गावात हिरवळीवर पाइप सोडून ठेवणे मनाला पटत नाही. म्हणून बाग सोडून द्यावी का? मुळीच नाही. आपल्या हवेला मानवेल असे झाड निवडावे. भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणीसुद्धा मुरलेल्या बोगनवेलीला पुरते. ऐन चैत्रात, गाव तापून निघालेले असताना, दारावर रंगांची कमान उभी राहते. पाणी जपूनही अंगण सजवता येते, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.