वाघ कोणता, ते आधी पाहा

पत्रिकेवर विषय छापला होता, ‘वनसेवेतील संधी’. पण वडशाच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि सुरुवातीची बरीच मिनिटं छोट्या रेल्वेतच गेली. वनखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. त्यांच्या वेळी गडचिरोली जिल्हा व्हायचा होता. तो चंद्रपूरमधून वेगळा झाला १९८२ साली. नागभीडहून अरुंद रुळांवरची गाडी रखडत यायची आणि पहिला तास बुडायचा. वनस्पतिशास्त्राचे सर रागवायचे नाहीत. विचारायचे, “वाटेत काय दिसलं?” ‘यंदा मोह कमी येणार’ असं कुणी ठोकून दिलं, की म्हणायचे, “ते तू ठरवलंस. दिसलं काय, ते सांग.”

पुढची सगळी नोकरी या एका वाक्यावर निभावली, असं पाहुण्यांचं म्हणणं.

दाखला गावातलाच निघाला. सीटी-१ हे नाव घेताच मांडवातली कुजबुज थांबली. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात मिळून १३ माणसांचा जीव घेणारा हा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला गेला. त्या दिवसांत बांधावर दिसलेला कुठलाही वाघ लोकांच्या लेखी ‘तोच’ असायचा. पण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. कॅमेरा ट्रॅपमधले फोटो आणि पाऊलखुणा जुळवून वाघ कोणता, ते आधी नक्की करावं लागतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यातही वाघाला मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा कारणांसह लेखी आदेश लागतो. पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्य नाही, अशी त्यांची खात्री व्हावी लागते. “घाईत भलताच वाघ पिंजऱ्यात घातला, तर खरा वाघ मोकळाच राहतो, पोट्टेहो!”

मग तोवर गावाने हातावर हात ठेवून बसायचं? तसं नाही, असं त्यांनी टेबलावर थाप मारून सांगितलं. रानातली वाट त्याच दिवशी बंद करायची, मोह वेचायला एकटं जाऊ द्यायचं नाही, ज्या घरातलं माणूस गेलं तिथे मदत पोहोचवायची. त्या घराला संताप करायचा पूर्ण हक्क आहे. तिथे उपदेश करू नये. काम लगेच, शिक्का उशिरा.

इथून गाडी थेट रोमन साम्राज्यात गेली. गुलामीत वाढलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस शिष्यांना सांगायचा, कुणी झटपट अंघोळ करत असेल, तर ‘वाईट करतो’ म्हणू नका, ‘झटपट करतो’ एवढंच म्हणा. त्यामागचं कारण तुम्हाला कुठे ठाऊक आहे? सम्राट मार्कस ऑरेलियसनेही स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांत नोंदवलं, की प्रत्येक गोष्टीवर मत बनवायची सक्ती नसते, आणि ते न बनवल्याने मनाची घालमेल टळते. “तुमचा मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. दिसलं एवढंच. ‘तिला माझी किंमत नाही’ हे तुम्ही ठरवलं, आणि रात्रभर झोप गेली ती त्यापायी.” मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावात अभ्यासगट रुजला. विषय आधी अभ्यासायचा, मग ग्रामसभेत मांडायचा, आणि निर्णय सर्वसहमतीने. बहुमताने उरकून टाकायचं नाही. एकाची शंका असली, तरी थांबायचं. अशा संथ वाटणाऱ्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला.

एव्हाना प्राचार्य घड्याळ पाहू लागले होते. पाहुण्यांनी ते टिपलं. “सर घड्याळ बघताहेत. कंटाळले, असं मी ठरवत नाही!” पहिल्या रांगेत नातवंडांचा नाच बघायला आलेल्या आज्या हसल्या. त्यांनाही सोडलं नाही: “आजी, सून उशिरा उठली तर आधी ताप आहे का बघा.”

छापलेल्या विषयाला शेवटचं एक मिनिट आलं. वनरक्षक भरतीत मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं, सराव आजपासून करा, एवढं सांगून पाहुणे समोर बसलेल्या क्रीडाशिक्षकांकडे वळले. मैदानाच्या कडेची बाभूळ काढून पट्टा आखून द्यायला किती दिवस लागतील, असं त्यांनी माइकवरूनच विचारलं. सर उभे राहिले आणि म्हणाले, “आठवडाभर.” पाहुण्यांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं.