वाटणीतून वाचलेली चव

पूर्व फ्रान्समधील दिजों नगरातून दक्षिणेची वाट धरली, की उजव्या हाताला टेकड्यांची एक सखल रांग सोबतीला येते. सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या आणि बहुतेक ठिकाणी दोन किलोमीटरांहूनही अरुंद अशा या उतारावर जगातील अत्यंत नावाजलेले द्राक्षासव तयार होते. ही बर्गंडीची भूमी होय. येथे भव्य प्रासाद थोडे. लहान गावे, दगडी घरे आणि घरांखालची थंड तळघरे मात्र पुष्कळ. तळघरांत ओकच्या लाकडाची पिंपे ओळीने मांडलेली असतात, आणि प्रत्येक पिंपात २२८ लिटर वाइन मुरत असते. घर, मळा आणि तळघर मिळून जो संसार उभा राहतो त्याला 'दोमेन' म्हणतात. असा दोमेन बहुधा एखाद्या कुटुंबाचा, आणि तोही पिढीजात असतो.

या प्रदेशात तांबड्या वाइनसाठी मुख्यत्वे 'पिनो न्वार' आणि पांढरीसाठी 'शार्दोने' हीच द्राक्षे लावतात. जात एक, तरी एका शेताची वाइन शेजारच्या शेतासारखी लागत नाही. हा फरक माती, उतार, ऊन आणि पाण्याचा निचरा यांतून येतो. सितोच्या मठातील संन्याशांनी बाराव्या शतकापासून वूजो येथे मळा जोपासला आणि पुढे त्याभोवती दगडी कोट बांधला. मठांचे आणि शेतकऱ्यांचे निरीक्षण शतकानुशतके साठत गेले आणि शेताशेताला नाव पडले. या नामांकित तुकड्यांना तेथे 'क्लिमा' म्हणतात. एरवी फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ हवामान असा होतो. बर्गंडीत मात्र तो जमिनीला लागतो. असे १,२४७ क्लिमा असलेला हा प्रदेश युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

जमीन मोजण्याचे येथील जुने माप 'ऊव्रे' हे आहे. एका माणसाने एका दिवसात मशागत करावी एवढी ती जमीन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे सव्वाचार गुंठे. माप माणसाच्या श्रमावरून ठरले, यातच या शेतीचे स्वरूप दिसते.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. १८०४ च्या दिवाणी संहितेने सर्व मुलांना, मुलगा असो वा मुलगी, वारशात समान हक्क दिला. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट मोठीच होती. पण दर पिढीला मळ्याच्या वाटण्या होऊ लागल्या. वूजोचा कोट आजही अभंग आहे. त्याच्या आतील सुमारे सव्वाशे एकर जमीन मात्र १८८९ पासून विभागली जाऊन आज ऐंशीच्या आसपास मालकांकडे आहे. सरासरीने एकेकाच्या वाट्याला दीड एकर येते. भाऊबंदांच्या वाटण्या पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तेथे विवाहाने दोन घरांचे तुकडे पुन्हा एकत्र येतात, आणि कित्येक दोमेनांच्या जोडनावांत सासर व माहेर अशी दोन्ही घराणी शेजारी नांदतात.

याच सुमारास दुसरे संकट आले. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची सूक्ष्म कीड वेलींच्या मुळांवर पडली आणि १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील मळे वाळू लागले. अखेर उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन वेलीची मुळे ही कीड सोसू शकतात. म्हणून खुंट अमेरिकन आणि त्यावर काडी फ्रेंच, अशी बांधणी झाली. रोमाने-कोंती या विख्यात मळ्याने आपल्या जुन्या, बिनकलमी वेली दीर्घकाळ जपल्या. पण १९४५ च्या हंगामानंतर त्याही उपटाव्या लागल्या.

पूर्वी बहुतेक शेतकरी पिंपेच विकत, आणि बोनचे व्यापारी ती एकत्र करून आपल्या नावाने बाटल्या भरत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्होलने येथील मार्की दांजेरव्हिल आणि न्वी-सें-जॉर्ज येथील आंरी गूज यांच्यासारख्या मळेवाल्यांनी आपल्याच तळघरात बाटल्या भरण्यास आरंभ केला. १९३५ मध्ये कायद्याने उगमस्थानाच्या नावाला संरक्षण मिळाले. तेव्हापासून बाटलीवरचे गावाचे व शेताचे नाव ही केवळ जाहिरात न राहता कायदेशीर हमी झाली.

आजचे संकट कीर्तीतूनच उद्भवले आहे. उत्तम मळ्यांच्या किमती इतक्या चढल्या आहेत, की वारसाने भावंडांचे हिस्से द्यावेत आणि सरकारचा वारसाकरही भरावा, हे मळ्याच्या उत्पन्नातून जमणे कठीण. आईबापांकडून मुलांकडे येणाऱ्या मोठ्या मालमत्तेच्या वरच्या टप्प्यावर हा कर शेकडा ४५ पर्यंत जातो. १९३२ पासून एका कुटुंबाकडे असलेला 'क्लो द तार' हा मळा २०१७ मध्ये उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या कंपनीकडे गेला. वेली त्याच राहिल्या. पण घराचा धागा तुटला.

ऋतूही बदलत आहेत. बोन येथील द्राक्षतोडणीच्या १३५४ पासूनच्या तारखा अभ्यासकांनी २०१९ मध्ये एकत्र मांडल्या. पूर्वी तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. वेलींना लवकर कोंब फुटतात, आणि एप्रिल २०२१ सारखे उशिराचे हिमदव पडले की तेच कोवळे कोंब करपतात. त्या रात्री शेतकऱ्यांनी वेलींच्या रांगांतून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ऊब धरण्याची शर्थ केली.

वाटण्या झाल्या, मुळे बदलली, आता हंगामही सरकला. तरीही जानेवारीच्या थंडीत कोणी मुलगी बापाच्या शेजारी उभी राहून वेलीची छाटणी शिकते. कोणता डोळा राखावा आणि कोणता कापावा, हे ज्ञान खरेदीखतात लिहिता येत नाही. ते हातातून हातात जाते, आणि बर्गंडीचा खरा वारसा तोच आहे.