ग्रामसभेला जाताना

(कार्यकर्त्यांच्या तालुका शिबिरातील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातल्या गावोगाव 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या मागेपुढे ग्रामसभा भरते. निदान भरल्याची नोंद होते. झेंडावंदन आटोपते, मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटली जातात, पुढारी चहाकडे वळतात, आणि मागे उरलेल्या पंचवीसतीस माणसांपुढे ग्रामसेवक घाईघाईने विषय वाचून दाखवतो. (शासनाने 2024 साली या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे केले, गावाच्या तोंडी जुनाच शब्द आहे.) हात वर होतात किंवा होत नाहीत, मोजत कोणीच नाही. संध्याकाळी वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असे दोन शब्द पडतात. गावाच्या पैशाचे, गायरानाचे आणि पाण्याचे पुढे जे काही होते ते या दोन शब्दांच्या आधाराने होते. तेव्हा ग्रामसभेत केव्हा जावे, कोठे बसावे, कसे बोलावे हा शिष्टाचाराचा किरकोळ विषय आहे असे ज्या कार्यकर्त्याला वाटते, त्याला गावातली सत्ता कोठे वसते हेच उमगलेले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत ते सारे तिचे सभासद. त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही की वर्गणी भरावी लागत नाही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम 1958 साली झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याप्रमाणे आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. पुरेशा कारणाविना सभा न बोलावणारा सरपंच पद गमावू शकतो. वर्षातली पहिली सभा आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते, आणि तीत मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षकाचे आक्षेप व त्यांना दिलेली उत्तरे आणि चालू वर्षाची कामे पंचायतीला मांडावी लागतात. म्हणजे मे महिन्यातली सभा ही हिशेबाची सभा. नेमक्या याच दिवसांत गावात लग्नसराई असते, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे घरे सावरीत असतात, आणि हिशेब कोणी विचारीत नाही.

गणपूर्तीचा नियम तर प्रत्येकाने तोंडपाठ करावा असा आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर हवीत. चारशे मतदारांच्या वाडीला साठ माणसे लागतात. आठ हजार मतदारांच्या बाजारगावाला शंभर पुरतात. गाव जितके मोठे तितके त्याच्या नावाने थोड्या माणसांनी बोलणे सोपे, असा हा हिशेब आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. ज्याला गावाची वर्दळ नको आहे तो पहिली सभा पडू देतो आणि दुसऱ्या सभेत आपली दहा माणसे घेऊन बसतो.

म्हणूनच निषेध म्हणून सभा उधळणे किंवा सभात्याग करणे, ही पक्षाच्या तरुणांना प्रिय असलेली रीत ग्रामसभेत बहुधा उलटते. विधानसभेतला सभात्याग वर्तमानपत्रात येतो. ग्रामसभेत कष्टकऱ्यांची चाळीस माणसे घोषणा देत उठून गेली की सभा बिनविरोध होते, किंवा तहकूब होऊन पुढे दहा माणसांच्या हाती जाते. दोन्हीं वेळा सरपंचाच्या गोटात समाधानच असते. ज्यांना सभा मोडायची आहे त्यांना ती मोडण्याचे कष्ट विरोधकांनी कशासाठी वाचवावेत?

सभेची तयारी नोटिशीपासून सुरू होते. नोटीस फळ्यावर लागली का, कोणत्या तारखेला लागली, दवंडी दलित वस्तीपर्यंत आणि रानातल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली का, हे पाहून ठेवावे. हल्ली ती मोबाइलवर फिरते. पण ज्या बाईच्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिला ती मिळाली असे म्हणता येत नाही. नोटिशीबरोबरची विषयपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, कारण शेवटची ओळ नेहमी एकच असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ खडीच्या खाणीला ना हरकत दाखला, गायरानाचा तुकडा एखाद्या संस्थेला, घरकुलाच्या यादीतली फिरवाफिरव, अशा गोष्टी या ओळीतून आत येतात. अशा विषयाला जागीच, अध्यक्षांना उद्देशून, शांतपणे हरकत घ्यावी. ज्या विषयाची नोटीस गावाला नव्हती तो पुढील सभेत नोटिशीवर घ्यावा अशी मागणी करावी, आणि ही हरकत नाव घालून वहीत लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

हजेरीच्या वहीचा धडा गावाला अजून शिकायचा आहे. सही किंवा अंगठा सभेच्या जागी, सभेच्या वेळीच द्यावा. शिपाई घरोघर वही घेऊन येतो, रेशन दुकानाच्या रांगेत ‘इथे एक सही कर’ म्हणतो, आणि भिडेपोटी माणूस सही करून मोकळा होतो. त्या सहीने तो न झालेल्या सभेला हजर राहतो आणि न ऐकलेल्या ठरावाला मान्यता देतो. पुढे तहसील कचेरीत तक्रार घेऊन गेल्यावर त्याचीच सही त्याच्यापुढे ठेवली जाते. कोऱ्या पानावर सही न देणे हा उद्धटपणा नव्हे, हे कार्यकर्त्याने घरोघर जाऊन सांगावे लागेल, कारण शिपाई शेजारचाच असतो आणि नकार देणे अवघड जाते.

आता बसण्याविषयी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडताना गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर सत्ता उभी केली. समाजवादी कार्यकर्त्याला या दोहोंपैकी एक निवडून चालत नाही. सत्ता गावात यावी हे लोहियांचे म्हणणे खरे. आणि गावात आलेली सत्ता कोणाच्या ओटीत पडते हा आंबेडकरांचा प्रश्नही तितकाच खरा. ग्रामसभेत कोण कोठे बसते हे पाहिले की तो प्रश्न डोळ्यांपुढे उभा राहतो. खुर्च्यांवर जुन्या पाटीलकीचे वारस आणि नवे ठेकेदार, सतरंजीवर मधली गर्दी, कडेला झाडाखाली मजूर, आणि स्त्रिया दिसल्याच तर शाळेच्या भिंतीच्या आडोशाने. सभा देवळाच्या मंडपात असेल तर काही जण पायरीशीच थांबतात, आणि त्यांना कोणी अडवले नाही असे वर सांगितले जाते. सभेची जागा शाळेचे पटांगण किंवा पंचायतीचे आवार असावी, ही मागणी साधी आहे; पण तिच्यावरून गावात जो विरोध उठतो त्यावरून तिचे मोल कळते. मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने स्वतः खुर्चीवर बसू नये. कडेला बसलेल्यांच्या शेजारी बसावे आणि त्यांच्यासह पुढे सरकावे.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. महाराष्ट्राने 2011 साली पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हापासून अध्यक्षस्थानी स्त्री दिसणे नवलाचे उरलेले नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून उत्तरे देणारा पती मात्र हटलेला नाही. प्रश्न सरपंचबाईंना विचारावा आणि उत्तर त्यांच्याकडूनच घ्यावे. पती बोलू लागल्यास ‘उत्तर अध्यक्षांनी द्यावे’ एवढेच म्हणून थांबावे. वडीलधाऱ्यांपुढे बाईने तोंड उघडू नये याला गाव मर्यादा म्हणते. सभेत सासरा आणि सून दोघेही मतदार आहेत, आणि कायद्याला त्यांच्यात दुसरे नाते ठाऊक नाही.

बोलण्याच्या रीतीत एकच पथ्य महत्त्वाचे: एका वेळी एक विषय, आणि तो विषयपत्रिकेवरचा. पाणीपुरवठ्याचा हिशेब चालू असताना बांधाचे भांडण निघाले की भावकी उठते, आरडाओरड होते आणि हिशेब बाजूला राहतो. पुष्कळदा हे भांडण कोणीतरी हेतुपुरस्सर काढलेले असते.

‘सर्वानुमते’ या शब्दाला खरा अर्थ देणारे गाव महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासी गावाने बहुमताऐवजी सहमतीने निर्णय घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे पाळली, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवले. अशा घडलेल्या ग्रामसभेनेच 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याऐवजी तिच्या हाती आले. वनहक्काच्या नियमांत गणपूर्तीही निराळी आहे: निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. जंगलासाठी जे आवश्यक मानले ते पाण्यासाठी आणि गायरानासाठी का नको, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे.

ओडिशात वेदान्त कंपनीच्या लांजीगढ येथील कारखान्यासाठी नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण काढायची होती. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी हा प्रश्न तेथील ग्रामसभांपुढे ठेवला. राज्य सरकारने शंभराहून अधिक वस्त्यांतून 12 गावे निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बाराही ग्रामसभांनी एकामागून एक नकार दिला. तेथे जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून बसला होता, कारण वहीत काय लिहिले जाईल याची शाश्वती न्यायालयालाही हवी होती.

महाराष्ट्रातल्या साध्या ग्रामसभेत असा निरीक्षक नसतो. तेथे हजर सभासदांनीच वहीवर नजर ठेवायची आहे. ठराव झाल्याबरोबर त्याचा मजकूर, सूचक व अनुमोदकाची नावे आणि बाजूने-विरुद्ध पडलेल्या मतांची संख्या वाचून दाखवण्याची विनंती अध्यक्षांना करावी. साक्षर पोराने तोच मजकूर स्वतःच्या वहीत उतरवावा. शेवटच्या ठरावाखाली मोकळी जागा सोडून सह्या घेतल्या जात असतील तर ती जागा आडव्या रेघेने बंद करायला सांगावे. त्यानंतर इतिवृत्ताची नक्कल मागावी. दिली नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. त्याला दहा रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. तो दोन मिनिटांत उरकतात, आणि बहुतेक गावकरी तो उरकल्यावर येतात. कार्यकर्त्याने त्या दिवशी वेळेपूर्वी जाऊन बसावे, मागील सभेची नक्कल हातात घेऊन, आणि शेजारी निदान दोन माणसे अशी असावीत की ज्यांनी मागच्या सभेत हात वर केले होते.