आजारपणाचा खर्च आणि आयकरातील वजावट



घरात मोठे आजारपण आले की कागदपत्रांकडे कुणाचे लक्ष नसते. साहजिकच आहे. त्या वेळी डॉक्टर, औषध, रक्त, पैसा हीच धावपळ असते. पुढे सहा-आठ महिन्यांनी विवरणपत्र भरायची वेळ येते आणि कुणीतरी म्हणते, "अहो, दवाखान्याच्या खर्चावर आयकरात सूट मिळते ना?" मग कपाटातली पिशवी निघते. निम्म्या पावत्यांवरची शाई उडालेली असते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजाराचे नावच नसते.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो. या वजावटीची तयारी उपचार चालू असतानाच करावी लागते. आणि त्याहीआधी पाहावे लागते की आपल्याला तिची गरज आहे की नाही. आज आपण आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाबद्दल बोलत आहोत. या वर्षाचे विवरणपत्र १९६१ च्या आयकर कायद्यानुसारच भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. तेव्हा क्रमांक लक्षात राहिला नाही तरी चालेल, नियम समजून घ्या. तुम्ही सोलापूरला असा, इंदूरला असा की हैदराबादला, हे नियम सगळीकडे सारखेच आहेत.

आता गरज आहे की नाही ते पाहू. आयकराच्या दोन प्रणाली आहेत, जुनी आणि नवी. आपण काहीच निवडले नाही तर नवी लागू होते. नव्या प्रणालीत आजारपणाच्या खर्चाची वजावट मिळत नाही. पण त्याच प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करही लागत नाही. पगारदार आणि निवृत्तिवेतनधारकांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्याचा हिशोब मात्र वेगळा असतो. तो नफा असेल तर १२ लाखांच्या भरवशावर राहू नका.

समजा, एक निवृत्त गृहस्थ आहेत. वर्षाचे निवृत्तिवेतन ६ लाख आणि मुदत ठेवींचे व्याज २ लाख. पत्नीवर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. त्यांना वजावटीच्या मागे धावायचे काही कारण नाही, कारण नव्या प्रणालीत त्यांचा कर शून्य आहे. त्यांचे पैसे वेगळ्याच ठिकाणी अडकलेले असतात. ज्येष्ठ नागरिकाचे एका बँकेतले व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेले की बँक टीडीएस कापते. २ लाखांच्या व्याजावर १० टक्क्यांनी २०,००० रुपये कापले गेले असतील, तर विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येणार नाहीत. "आपल्याला कर नाही, मग विवरणपत्र कशाला?" असे म्हणून कितीतरी जण हे पैसे सोडून देतात. ऐन आजारपणात २०,००० रुपये ही लहान रक्कम नव्हे. कर शून्य असेल, तर पुढच्या वर्षीसाठी एप्रिलमध्येच बँकेत विचारा आणि टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा अर्ज भरून द्या.

आता ज्यांचे उत्पन्न याहून जास्त आहे आणि ज्यांना जुनी प्रणाली परवडते, त्यांच्याकडे वळू. गंभीर आजाराच्या खर्चासाठीचे कलम आहे ८०डीडीबी. ते भारतातील निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यासाठी आहे. उपचार स्वतःचे असतील, किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या पती-पत्नी, मुले, आई-वडील, भाऊ किंवा बहीण यांचे असतील, तर वजावट मागता येते. अवलंबून म्हणजे पूर्णपणे किंवा मुख्यतः आपल्या आधारावर जगणारे. वडिलांना स्वतःचे चांगले निवृत्तिवेतन असेल, तर ते आपल्यावर अवलंबून आहेत असे म्हणता येणार नाही. सासू-सासरे या यादीत नाहीत. सुनेने कितीही मायेने खर्च केला, तरी सासूबाईंच्या उपचाराची वजावट तिला तिच्या विवरणपत्रात घेता येत नाही. मुलाने पैसे भरले असतील आणि आई त्याच्यावर अवलंबून असेल, तर तो घेऊ शकतो. पैसे ज्याने भरले, वजावट त्याची.

आता आजार कोणते ते पाहू. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. प्रत्येक मोठा आजार यात येत नाही. यादी ठरलेली आहे. घातक कर्करोग. मूत्रपिंड दीर्घकाळासाठी निकामी होणे, म्हणजे ज्यांचे डायलिसिस चालते ते बरेचसे रुग्ण. पूर्ण विकसित एड्स. हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार. आणि मज्जासंस्थेचे काही ठरावीक आजार, त्यात स्मृतिभ्रंश, कंपवात म्हणजे पार्किन्सन, मोटर न्यूरॉन आजार वगैरे. मज्जासंस्थेच्या आजारांना आणखी एक अट आहे: अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचे प्रमाणित झालेले हवे. हृदयविकार, मधुमेह, अर्धांगवायू, गुडघ्याची शस्त्रक्रिया या यादीत नाहीत. खर्च लाखांत गेला असला तरी नाहीत.

वजावट किती मिळते? रुग्ण ६० वर्षांखालील असेल तर प्रत्यक्ष खर्च किंवा ४०,००० रुपये, यांपैकी कमी असेल ते. रुग्ण ६० किंवा त्याहून मोठा असेल तर प्रत्यक्ष खर्च किंवा १ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते. इथे वय रुग्णाचे धरायचे, पैसे भरणाऱ्याचे नव्हे. खर्च त्याच आर्थिक वर्षात भरलेला हवा. मार्चचे बिल एप्रिलमध्ये चुकते केले, तर ते पुढच्या वर्षात जाते.

विमा कंपनीकडून किंवा नोकरीच्या ठिकाणाहून खर्चाची भरपाई मिळाली असेल, तर ती वजा होते. ती कशातून वजा होते, ते नीट ऐका. समजा ७० वर्षांच्या आईच्या उपचारावर ३ लाख खर्च झाला आणि विम्याचे ८०,००० मिळाले. पुष्कळांना वाटते, ३ लाखांतून ८० हजार गेले, २ लाख २० हजार उरले, म्हणजे १ लाखाची वजावट पूर्ण मिळेल. तसे होत नाही. आधी १ लाखाची मर्यादा लागते आणि मग त्या १ लाखातून ८०,००० जातात. वजावट उरते २०,००० रुपये.

आता एक पूर्ण हिशोब करू. एका पगारदार मुलीचा वर्षाचा पगार १५ लाख आहे. ६८ वर्षांचे वडील तिच्यावर अवलंबून आहेत, त्यांचे डायलिसिस चालू आहे आणि त्यांचा आरोग्य विमा नाही. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता करपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार. उपकरासह कर ९७,५०० रुपये.

जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, भविष्य निर्वाह निधी वगैरे मिळून दीड लाख, गृहकर्जाचे व्याज २ लाख, तिच्या स्वतःच्या आरोग्य विम्याचा हप्ता २५,०००, वडिलांच्या उपचाराचे ८०डीडीबीखाली १ लाख. शिवाय वडिलांना विमा नाही, म्हणून उरलेल्या बिलांपैकी ५०,००० कलम ८०डी खाली. करपात्र उत्पन्न ९ लाख २५ हजार, आणि उपकरासह कर १,०१,४०० रुपये. इतक्या सगळ्या वजावटी घेऊनही नवी प्रणालीच ३,९०० रुपयांनी स्वस्त पडली!

तिने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत स्वतःचे आणखी ५०,००० भरलेले असतील, तर जुन्या प्रणालीतला कर ९१,००० होतो, आणि मग जुनी ६,५०० रुपयांनी स्वस्त पडते. कुणी सांगेल की १ लाखाच्या वजावटीने तुमचे २०,८०० रुपये वाचले. जुन्या प्रणालीच्या आत पाहिले तर ते खरे आहे. पण नव्या प्रणालीशी तुलना केली, तर खरा फायदा ६,५०० चाच आहे. तेव्हा दोन्ही हिशोब कागदावर मांडल्याशिवाय प्रणाली ठरवू नका. जुनी निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरा. पगारदार आणि निवृत्तिवेतनधारकांना ती विवरणपत्रातच निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो. मुदत उलटली की त्या वर्षापुरता जुन्या प्रणालीचा पर्याय गेला.

आता कागदपत्रे. ८०डीडीबीसाठी मुख्य कागद म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी. घराजवळच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. कर्करोगासाठी कर्करोगतज्ज्ञ, मूत्रपिंडासाठी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्ट, मज्जासंस्थेसाठी न्यूरॉलॉजिस्ट, असे त्या त्या विषयाची ठरलेली पदवी असलेले डॉक्टर लागतात. उपचार सरकारी रुग्णालयात असतील, तर तिथे पूर्णवेळ काम करणाऱ्या, मेडिसिनमधील पदव्युत्तर पदवी असलेल्या तज्ज्ञांची चिठ्ठी चालते. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय आणि आजाराचे नाव हवे. डॉक्टरांचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि पदवी हवी. सरकारी रुग्णालय असेल तर त्याचे नाव-पत्ताही हवा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा एवढे एका कागदावर लिहून मागा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, डॉक्टरांना याची सवय असते.

पावत्यांचेही तसेच. औषधाच्या दुकानातल्या पावतीची शाई काही महिन्यांत पुसट होते. म्हणून तिची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलमध्ये फोटो घेऊन ठेवा. शक्यतो पैसे यूपीआय, कार्ड किंवा चेकने द्या, म्हणजे पासबुकात नोंद राहते. ही कागदपत्रे विवरणपत्राला जोडायची नसतात, पण विचारणा झाली तर दाखवावी लागतात. एका फाइलमध्ये घालून निदान सहा वर्षे जपून ठेवा.

आजार यादीत नसेल तर? निराश होऊ नका, आणखी दोन वाटा आहेत, दोन्ही जुन्या प्रणालीतल्याच. पहिली ८०डी. आई किंवा वडील साठीच्या वर असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या कोणत्याही उपचारावरचा खर्च वर्षाला ५०,००० पर्यंत वजा करता येतो. बायपास असो की मोतीबिंदू. इथे ते आपल्यावर अवलंबून असण्याची अट नाही, मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. दुसरी वाट अपंगत्वाची. अर्धांगवायूनंतर हातपाय अधू झाले आणि अवलंबून असलेल्या माणसाचे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर ८०डीडी खाली ठरावीक ७५,००० रुपये वजावट मिळते. ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. खर्च नेमका किती झाला याचा इथे प्रश्न येत नाही. करदाता स्वतः अपंग असेल तर तेवढीच वजावट ८०यू खाली मिळते. एवढे लक्षात ठेवा की एकच बिल दोन ठिकाणी दाखवायचे नाही.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. "तुमचा परतावा वाढवून देतो, थोडी टक्केवारी द्या" असे म्हणणारे लोक भेटतात. ते विवरणपत्रात नसलेला आजार लिहितात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर देशभर कारवाई केली, आणि त्या वजावटींत ८०डीडीबीसुद्धा होती. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, शिवाय कर आणि व्याज भरावे लागते ते वेगळेच. टक्केवारी घेणारा तोवर निघून गेलेला असतो. नोटीस येते ती आपल्या नावाने.

आज घरी गेल्यावर एक काम करा. ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत, त्यांनी एक फाइल घ्या, तिच्यावर रुग्णाचे नाव आणि वर्ष लिहा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सगळ्यात वर लावा. आजाराशी झगडणे आपल्या हातात किती आहे कोण जाणे, पण कष्टाच्या बचतीतला जो पैसा हक्काने परत येऊ शकतो, तो कागदाअभावी जाऊ देऊ नका.

तुमच्या घरचे रुग्ण लवकर बरे होवोत.